अनुभव धागा: शाळेची, कॉलेजची पोरं विद्यापीठाच्या आवारात

येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आठवी-नववीची चाळीस मुलं घेऊन पुण्याला जायचं घाटतंय. सोबत त्यांचे प्रकल्पही आहेत. गणेशखिंडीतलं विद्यापीठ, तिथली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, जमलं तर नव्या उद्योगांना हात देणारं एखादं उद्योग-संवर्धन केंद्र. तुम्ही मुलं घेऊन गेला असाल, किंवा स्वतः त्या वयात गेला असाल, तर काय घडलं ते लिहा. बरं-वाईट दोन्ही चालेल. वेळापत्रक नको, ते आमचे मुख्याध्यापक करतातच.

एक आई, कोथरूड

आयुकात लेक फूकोच्या लंबकापाशी थांबली आणि हलेचना. पृथ्वी फिरते म्हणून याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. तासाभराने परत येऊन बघितलं तर झोका किंचित वळलेला. तिथे उभ्या विद्यार्थ्याने उत्तर आयतं दिलं नाही, कागद-पेन्सिल दिली. ध्रुवावर २४ तासांत पूर्ण फेरी होते, म्हणजे तासाला १५ अंश, मग पुण्यात? पुण्याचा अक्षांश साडेअठरा, त्याची ज्या (साइन) घ्यायची, तिने १५ अंशांना गुणायचं. तासाला पावणेपाच अंश निघाले, म्हणजे फेरीला तीन दिवसांहून जास्त. घरी येऊन तिने पंख्याच्या हुकाला दोरी आणि पाण्याची बाटली टांगली. अर्थातच जमलं नाही. पंखा मात्र आठवडाभर खाली होता.

शिक्षिका, जुन्नर तालुका

आम्हाला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या रोज दिसतात, त्यामुळे कुणाला त्यांचं काही वाटत नाही. विज्ञान दिनाला पोरं आत नेली, तर सातवीतला एक म्हणाला, "बाई, ही तर नुसती जाळी आहे. लहरी गळून जात नाहीत?" माझी दांडी गुल. तिथल्या सरांनी सांगितलं की जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची आणि दुर्बीण ज्या लहरी पकडते त्या वीस सेंटीमीटरच्या पुढच्या. त्यांना ही जाळी पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून ४५ मीटर व्यासाची तबकडी असूनही सांगाडा हलका ठेवता आला. अशा ३० तबकड्या, आणि हे सगळं चालवणाऱ्या केंद्राचं मुख्यालय पुण्याच्या विद्यापीठात. दोन्ही दाखवा, पण आधी खोडद.

डिप्लोमा तिसरं वर्ष, निफाड तालुका

माझा प्रकल्प कांदा चाळीचा. सडका कांदा वासावरून ओळखायचा, त्यासाठी वायू ओळखणारा एमक्यू-१३५ सेन्सर, सोबत आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. शाळेच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला होता, त्यामुळे हवेतच होतो. एका विद्यापीठाच्या संवर्धन केंद्रात आम्हाला पाच-पाच मिनिटं मांडायला दिली. समोरच्या मॅडमनी एकच विचारलं, "बॅटरी किती दिवस पुरते?" मी म्हणालो, चेक नाही केलं. त्यांनी तिथेच मल्टिमीटर लावायला सांगितला. त्या सेन्सरच्या आत हीटर असतो, तो एकटाच दीडशे मिलिअँपिअर खातो. म्हणजे माझी बॅटरी रात्र काढणंसुद्धा कठीण, आणि उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो.

दुसरा प्रश्न त्याहून वाईट. "तुमच्या चाळीत सडून किती जातो, वजन केलंय?" नव्हतं केलं. वडील दरवर्षी "लई गेला औंदा" एवढंच म्हणतात.

गावी येऊन तागाची गोणी आणि वजनकाटा घेतला, दर रविवारी निवडून फेकलेला कांदा मोजला. आजी म्हणाली, सडक्याची पण वही ठेवतोय बघा. पण त्या वहीतून कळलं की सड सगळीकडे सारखी नसते. पत्र्याचं पाणी गळतं त्या टोकाला जास्त. सेन्सर अजून अर्धवटच आहे. पत्रा मात्र बदलला.

पेटंटचं काम करणारा, ठाणे

मुलांचे प्रकल्प खरंच नवे असतील तर पोस्टर लावण्याआधी हे वाचा. आपल्याकडे कल्पना एकदा चारचौघांत उघड झाली की ती 'नवी' उरत नाही, म्हणजे पेटंट मिळत नाही, अपवाद फार थोडे. विद्यापीठाच्या हॉलमध्ये मांडलेलं पोस्टर म्हणजे चारचौघंच. आधी पेटंट कार्यालयात कल्पनेचं तात्पुरतं विवरणपत्र दाखल करायचं, पूर्ण विवरणाला पुढे १२ महिने मिळतात. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये. पण खरं सांगू का, दहातल्या नऊ प्रकल्पांना याची गरज नसते, आणि पालकांना ते पटत नाही.

माजी विद्यार्थी, सध्या बंगळुरू

आमची सहल म्हणजे एका मोठ्या आवारात तीन तास सभागृहात. 'नवउद्योजक' लिहिलेली टोपी, बॅनरखाली फोटो, वडापाव. प्रयोगशाळा काचेतून दाखवली. हात कशालाच लावू दिला नाही. परत येताना ड्रायव्हरने बंद पडलेली बस रस्त्यात उघडून दुरुस्त केली, टॉर्च मी धरला होता. त्या दिवसातलं तेवढंच नीट आठवतं.

अभियंता, पुणे

अकरावीत सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजात गेलो होतो, तिथली पोरं तेव्हा 'स्वयम्'वर काम करत होती. जेमतेम किलोभराचा उपग्रह, दहा सेंटीमीटरचा ठोकळा. तो वळवायला मोटर नाही, आत चुंबक, पृथ्वीच्या क्षेत्राला धरून राहणारं. एका दादाने सहज सांगितलं, "आम्ही पास होऊन जाऊ, उडवतील पुढच्या बॅचची." तो २२ जून २०१६ ला उडाला, पीएसएलव्ही-सी३४ वरून. मी घरी टीव्हीसमोर, आणि तो दादा कुठे असेल हाच विचार.

धागाकर्ती

खोडद आधी, ठरलं. मल्टिमीटर शाळेत दोन आहेत, एकाची लीड तुटलीय, ती आणते. पोस्टरचं मुख्याध्यापकांशी बोलावं लागेल. कांद्याच्या वहीचा एखादा फोटो मिळेल का, वर्गात दाखवायला?