नारायण पेठेतल्या वाड्यात ६० जणांची अभ्यासिका: माझं कुठे चुकलं?

शेवटचं_वर्ष_इंटिरियर:
प्रोजेक्टसाठी नारायण पेठेतला एक दुमजली वाडा घेतलाय. भाडेकरू गेले, आता माडीवर मागच्या खोलीत फक्त मालकीणबाई राहतात, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. विषय आहे स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका. मी वाड्याच्या मधल्या उघड्या चौकावर पॉलिकार्बोनेटचं छत टाकून एसी हॉल केला, कडीपाटाखाली (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या जुन्या छताखाली) फॉल्स सीलिंग, प्लायच्या ६० केबिन आणि माडीवर पुस्तकांचे रॅक. चौकाकडच्या भिंतीचा गिलावा कमरेपर्यंत सुटलाय. पानशेतच्या पुराचं पाणी तिथवर चढलं होतं, आजींनी खांबावर हात ठेवून दाखवलं. तिथे पॅनेलिंग करून झाकायचं ठरवलंय.

रिव्ह्यूला मॅडमनी एकच विचारलं, "सकाळी सातला आलेली मुलगी रात्री दहापर्यंत इथे दिवस कसा काढेल?" मला सांगताच आलं नाही. १५ दिवसांत पुढचा रिव्ह्यू आहे. सुरुवात कुठून करू?

राज्यसेवा_तिसरा_प्रयत्न:
ताई, मी लातूरचा, तीन वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतोय. आमच्या केबिनचं टेबल दोन फुटी. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, रोज दोन-तीन तास हाताने लिहायचं असतं. कोपर टेकवलं की उत्तरपत्रिकेला जागा उरत नाही. दुपारी डबा जिन्यात बसून खातो. घरून फोन आला की रस्त्यावर जावं लागतं, आणि आईला गाड्यांचे हॉर्न ऐकू आले की ती विचारते, "अभ्यास सोडून कुठे फिरतोयस?" आमच्या बॅचच्या मुली रात्री नऊनंतर पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह मागच्या बोळात आहे आणि तिथे दिवा नाही. एवढं जरी सुटलं तरी खूप झालं.

कडीपाट:
वरचं उत्तर छापून ड्रॉइंग बोर्डवर लाव. तुझी सुरुवात तिथूनच.

मी कसब्यातल्या वाड्यात वाढले आणि गेली तेवीस वर्षं जुन्या घरांची कामं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तू ६० हा आकडा आधी धरलास आणि वाडा त्यात कोंबलास. उलटं कर. वाड्यात दिंडी दरवाजातून आत आलं की ओसरी, मग चौक, सोपा (चौकाला लागून असलेली बैठकीची जागा), माजघर (घराची आतली खोली), म्हणजे रस्त्याचा गलबला टप्प्याटप्प्याने कमी होत जातो. या मुलांच्या दिवसालाही असेच टप्पे आहेत. फोन आणि चहा ओसरीवर, डबा आणि चर्चा चौकात, मोठ्याने पाठ करायचं ते सोप्यात, मुकाट वाचन माजघरात. सगळा दिवस एकाच केबिनमध्ये काढायचा म्हटलं की माणूस तिथेच डोकं टेकून झोपतो. चौक उघडाच ठेव. गरम हवा तिथूनच वर जाते, उजेडही तिथूनच येतो. माजघर मात्र अंधारं असणार, तिथे टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळेल असा दिवा हवा.

टेबलाचं माप खांबांवरून घे. दोन खांबांमधला एक खण मोजून बघ, त्यात किती माणसं लिहिताना एकमेकांना कोपर न लावता बसतात ते खडूने जमिनीवर आखून, मैत्रिणींना खरंच बसवून बघ. खुर्चीची मापं परदेशी चार्टवरून घेऊ नकोस. अहमदाबादच्या एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) १९९७ मध्ये भारतीय शरीरमापं छापली आहेत, ती लायब्ररीत मिळतील. बुटक्या मुलीचे पाय पंधरा तास लोंबकळत राहिले तर कंबर जाते.

फॉल्स सीलिंग काढून टाक. कड्यांची भिंतीत घुसलेली टोकंच आधी कुजतात, वाळवीही तिथेच लागते. ती रोज डोळ्यांसमोर राहिली पाहिजेत. रॅक माडीवर नकोत. घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, पुस्तकांच्या रॅकसाठी किमान ६००. रॅक खाली फरशीवर आण.

भिंतीबद्दल. पानशेतच्या, म्हणजे १९६१ च्या पुराचं पाणी केव्हाच वाळलं. पुरानंतर कोणीतरी तिथे सिमेंटचा गिलावा केला असणार. जमिनीतली ओल वर चढते आणि सिमेंटमुळे तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून खपल्या पडतात. पॅनेलिंग केलंस तर मागे बुरशी धरेल, आणि तोंड त्या भिंतीकडे करून पोरं दिवसभर श्वास घेणार आहेत. सिमेंट खरवड, भिंत वाळू दे, चुन्याचा गिलावा कर.

एकदा विश्रामबाग वाड्यात चक्कर मार. दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधलेल्या त्या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिथेच नगरपालिका होती, पोस्टही आलं. वाड्यात शिकायला बसणं ही पुण्याची जुनी गोष्ट आहे. पण १८७९ च्या आगीत बुधवार वाडा गेला आणि विश्रामबागचाही भाग जळाला, हेही ध्यानात ठेव. तुझ्या प्लॅनमध्ये लाकडी माडी, प्लायच्या केबिन, ६० चार्जर आणि बाहेर पडायला एकच दिंडी आहे. दुसरी वाट काढल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आणि प्लॅनमध्ये आजी कुठे आहेत? तू त्यांचा उल्लेख केलास, पण खोली दाखवलेली दिसत नाही.

शेवटचं_वर्ष_इंटिरियर:
त्यांच्या खोलीवर मी 'स्टोअर' लिहिलं होतं. वाचून फार वाईट वाटलं.

आज दुपारी टेप घेऊन गेले. दोन ते सहा चौकात बसले, ऊन कुठून कुठे सरकतं ते वहीत काढलं. मग जिना मोजला. भिंतीतला आहे, पायरी साडेनऊ इंच उंच आणि जेमतेम सात इंच रुंद. आजी उतरताना उलट्या उतरतात, भिंतीकडे तोंड करून, वरच्या पायरीला दोन्ही हात धरून. मी विचारलं तर म्हणाल्या, मुलं आली तर बरंच होईल, संध्याकाळी कोणीतरी दिवा लावेल.

कडीपाट:
त्यांना विचार, खाली सोप्याशेजारची खोली चालेल का. हो म्हणाल्या तर प्लॅनमध्ये पहिली ती खोली काढ, दाराला लागून मोरी आणि कठडा धर. त्यानंतर किती टेबलं बसतात ते मोज आणि इथे टाक.