मदत हवी आहे : सोलापुरातील नाणेसंग्राहकांची सुरुवात कशी झाली?

सस्नेह नमस्कार. गिरणीत काम केलेल्या माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या डबीत १९४३ सालचा भोकाचा पैसा, १९५७ नंतरचे काही नये पैसे आणि एका बाजूला ‘श्री राजा शिव’, तर दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली, कडा झिजलेली तांब्याची शिवराई मिळाली आणि तेव्हापासून मला या छंदाची मनापासून ओढ लागली आहे. सोलापुरातील नाणेसंग्राहक या छंदाकडे कसे वळले, हे मला जाणून घ्यायचे आहे. आपले पहिले नाणे घरच्या देव्हाऱ्यातले होते, गड्ड्याच्या यात्रेत मिळाले, की मोडीच्या दुकानात? तांब्याची नाणी चिंचेने घासू नयेत, एवढे मला ठाऊक आहे. परंतु शिवराईचे निरनिराळे प्रकार ओळखायला आपल्याला सुरुवातीला कोणी शिकवले, हे कृपया सविस्तर कळवावे.