'सगळे सारखेच' म्हणून घरी बसणाऱ्यांना

कडक भाकरी:
काल इथं एकानं लिहिलं, "राजकारणात जो तो पोट भरायलाच येतो, मत देणं म्हणजे सुट्टी वाया." वाचून डोकं फिरलं. गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा आमदार झाले, प्रत्येक वेळी शेतकरी कामगार पक्षातूनच. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला माणूस होता की!

सांगोला नाका:
त्याच सांगोल्यानं २०१९ ला निवडलेले आमदार २०२२ मध्ये गुवाहाटीची झाडी नि डोंगार बघत होते. १९८५ ला पक्षांतरबंदी आणली, २००३ मध्ये 'एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर चालतं' ही पळवाट बुजवली. आता किरकोळीत नाही, घाऊकात फुटतात.

नळाची वाट:
फुटू द्या हो. उजनी भरली तरी आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला. बॅरल भरण्यात अर्धं आयुष्य गेलं. नगरसेवकांनीच वाटोळं केलं.

कडक भाकरी:
मार्च २०२२ ला सोलापूर महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला. तीन वर्षांहून जास्त काळ एकही नगरसेवक नव्हता. मग रोज पाणी यायला पाहिजे होतं की! आमचा नगरसेवक पक्का मतलबी, मेव्हण्याला गटारीचं काम देणारा. पण वडील गेले त्या रात्री घरात थेंब नव्हता. अकराला फोन केला, अर्ध्या तासात टँकर दारात. मतासाठी केलं? हो, मतासाठीच. प्रशासकाला माझं मत लागत नव्हतं.

नळाची वाट:
म्हणजे टँकर पाहिजे तर घरात मयत पाहिजे?

कडक भाकरी:
तोंड सांभाळ बे.

पूर्वभागकर:
भांडा तुम्ही. माझी आई विड्या वळायची. माकपचे माजी आमदार आडम मास्तर, त्यांच्या मागं मोर्च्यात चालून चालून चपला झिजल्या, तेव्हा कुंभारीत घर मिळालं. विडी कामगारांची १० हजार घरं आहेत तिथं. तरी मास्तर पुढच्या निवडणुकांत पडत गेले. आमच्याच घरातल्या दोघांनी पाकीट घेऊन दुसरं बटण दाबलं, त्यात एक मी. आता बोला, मतलबी कोण?

सांगोला नाका:
बरं बाबा, गणपतराव मान्य. पण २०२४ ला निवडून कोण आलं? त्यांचाच नातू. चालू द्या घराणं!

नळाची वाट:
थांबा, आज लवकर सुटलं पाणी. नळाला मोटर लावून येतो.

कडक भाकरी:
नळाला मोटर? मग मागच्या गल्लीत काय जाणार?

नळाची वाट:
सगळेच लावतात.