तडतड की खरखर? (आणि 'लाइव्ह'चं काय करायचं)

कासव: एका छोट्या अंकासाठी 'द हू' या इंग्लिश रॉक बँडच्या 'लाइव्ह ॲट लीड्स' या अल्बमवर लिहितोय आणि एकाच ओळीवर तीन दिवस अडलोय. १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेला कार्यक्रम, त्याच वर्षी एलपी निघाली, सहाच गाणी. कव्हर साधं तपकिरी, वर शिक्का मारल्यासारखं नाव, कारण तेव्हाच्या चोरट्या रेकॉर्डी अशाच दिसायच्या आणि यांनी मुद्दाम तो थाट उचलला. मधल्या लेबलवर हाताने लिहिलंय की क्रॅकलिंगचे आवाज ओके आहेत, दुरुस्त करू नका. मी 'खरखर' लिहिलं, संपादकांनी 'तडतड' केलं. वर 'लाइव्ह'साठी 'थेट ध्वनिमुद्रण' असंही घातलं, ते तर अजिबात पटत नाहीये.

नीलमोहर: संपादक बरोबर आहेत. खरखर सलग असते, रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की येते ती. तडतड सुटी सुटी येते, फोडणीतल्या मोहरीसारखी. आमच्याकडे आजोबा रेकॉर्ड लावायच्या आधी मलमलीच्या फडक्याने पुसायचे आणि तरी आवाज आला की म्हणायचे "तडतडतीये, पुन्हा पूस".

कासव: पण तो धुळीचा आवाज झाला ना. इथे आवाज मूळ टेपमधेच आहे, रेकॉर्ड कोरी असली तरी येणारच. 'तडतड' वाचून लोकांना घासलेली रेकॉर्ड आठवेल, आणि नेमका तोच गैरसमज होऊ नये म्हणून तर लेबलवर लिहिलं होतं.

शुद्धमती: मुळात रेकॉर्ड का? तबकडी म्हणा की. चांगला मराठी शब्द असताना उगाच इंग्रजी.

टपरी: तबकडी म्हणजे छोटं तबक, आणि तबक आलंय अरबी-फारसीतून. पानाचं तबक, आरतीचं तबक म्हणताना कोणी अडत नाही तसंच रेकॉर्डचं. "त्याची रेकॉर्ड सुरू झाली" असं आपण रोज म्हणतो, "तबकडी सुरू झाली" म्हणून बघा. हल्ली तबकडी फक्त उडते.

शुद्धमती: मग ध्वनिमुद्रिका घ्या. विनाइल साच्यात दाबून रेकॉर्ड बनते, म्हणजे आवाजाची मुद्राच उमटवलेली असते. इतका चपखल शब्द इंग्रजीत पण नाही, आणि तो आपण आकाशवाणीपुरता ठेवून दिला याचं मला खरंच वाईट वाटतं.

नीलमोहर: हे आवडलं. पण 'थेट'बद्दल कासवशी सहमत. थेट म्हणजे आत्ता घडतंय ते आत्ताच ऐकायचं, क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणासारखं. १९७० चा कार्यक्रम आज घरी बसून ऐकला तर त्यात थेट काय राहिलं? 'मैफलीचं ध्वनिमुद्रण' म्हणा, शास्त्रीयवाले तसंच म्हणतात.

टपरी: मैफल?? 'माय जनरेशन' तिथे जवळजवळ पंधरा मिनिटं चालतं, ड्रमवर कीथ मून, आणि तुम्ही लोड-तक्के अंथरताय. जलसा म्हणा जलसा. सत्यशोधकांचे, आंबेडकरी जलसे आठवा, गर्दी, खडा आवाज, समोरचे लोक पेटलेले.

शुद्धमती: जलसा पण अरबीच, आणि मुळात अर्थ 'बसणं'. म्हणजे बैठकच झाली ती.

टपरी: मुळात काहीही असो, माझ्या आजीच्या तोंडी जलसा म्हणजे रात्रभर उभं राहून ऐकायची गोष्ट होती. अर्थ अरबस्तानातून का आणायचा, आजीकडून घ्या.

कासव: 'जलशाचं ध्वनिमुद्रण' लिहून पाहिलं, वाईट नाही दिसत. पण लेबलवरच्या ओळीचं काय? परवा अंक छापायला जातोय.

शुद्धमती: आधी ते 'चोरट्या रेकॉर्डी' बदला. रेकॉर्डी नाही, अनेकवचन रेकॉर्ड्सच.

नीलमोहर: आमच्या घरी रेकॉर्डीच म्हणायचे. चादर-चादरी, तसं रेकॉर्ड-रेकॉर्डी.