पाण्यावर चालणारी गाडी म्हणे!

कडवट_चहा: काल इथं कुणीतरी टाकलं, "पाण्यावर चालणारी गाडी आली, पेट्रोल पंपांना टाळं लागणार." अहो, ती गाडी चालते हायड्रोजनवर, तो काय विहिरीला लागतो? एक किलोसाठी पाणी फोडायला ५०-५५ युनिट वीज जाते, त्या किलोत ऊर्जा ३३ युनिट. मग टाकीत ७०० बार दाबानं कोंबा, गाडीत परत वीज करा. चाकाला पोचते जेमतेम एक तृतीयांश. तीच वीज बॅटरीत भरली तर पाऊण भाग चाकाला. दुधाचा खवा आटवून त्यात पाणी घालून दूध प्यायचा प्रकार.

सह्याद्रीपुत्र: मीच टाकलं होतं. २०२२ मध्ये गडकरी टोयोटाच्या मिराई या हायड्रोजन गाडीतून संसदेत गेले, तेव्हाही असेच हसलात. सरकारनं २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन काय उगाच काढलं?

निवृत्त_अमोनिया: मिशन वाचलंत का? त्यात खत आणि रिफायनरी आधी येतात. खत कारखान्यात २६ वर्षं काढली. रिफॉर्मरच्या, म्हणजे गॅसपासून हायड्रोजन करायच्या भट्टीच्या, झरोक्यातून नळ्यांचा रंग बघायचो, जास्त पिवळट दिसला की नळी फार तापली म्हणून पोटात गोळा. तिथं गॅसपासून हायड्रोजन करताना किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. खताच्या अमोनियाला हायड्रोजनच लागतो, बॅटरी काय घालणार? गोम एवढीच, की युरियाला तो कार्बन डायऑक्साइडही लागतो. हिरवा, म्हणजे स्वच्छ विजेनं पाणी फोडून केलेला हायड्रोजन आणलात की तो कार्बन डायऑक्साइड कुठून आणणार?

बीडचा_टँकर: आणि पाणी? किलोला नऊ लिटर, तेही शुद्ध! २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. आमची आई तेव्हा टँकरपुढं रात्री दोनला हंडा लावून बसायची.

कडवट_चहा: नऊ लिटरचं रडताय? किलोभर साखरेमागे हजार लिटरच्या वर पाणी जातं, त्यावर बोला की.

ऊसवाला_९६: आला का ऊस! कुठलाही विषय काढा, शेवटी शेतकऱ्याच्या बोकांडी. तुमच्या चहात साखर कोण घालतं?

कडवट_चहा: नाव वाचा माझं.

बीडचा_टँकर: माझाही दीड एकर ऊस आहे. ज्वारीला भाव द्या, उद्या मोडतो. हौस नाही कुणाला.

ऊसवाला_९६: टँकर म्हणायचं आणि ऊस लावायचा, वा!

बीडचा_टँकर: विहिरीला पाणी असतं त्या वर्षी लावतो. तुमच्या पाटात बारा महिने पाणी, तुम्ही शिकवू नका.

सह्याद्रीपुत्र: धागा हायड्रोजनचा आहे. बरं, कारचं सोडलं. खूश? ट्रकला तरी चालेल ना?

निवृत्त_अमोनिया: आधी खत, मग पोलाद. उरला तर न्या ट्रकला.

ऊसवाला_९६: आणि इथेनॉल विसरलात सगळे!