सामायिक सातबाऱ्यावरचं तुटलेलं रान: रोपं लावू की फुटवे राखू?

डोंबिवलीचा_चाकरमानी
कणकवली तालुक्यात डोंगरउतारावर आमचं सामायिक रान आहे, सातबाऱ्यावर १७ नावं. गेल्या वर्षी काहींनी ते लाकडाच्या ठेकेदाराला दिलं, सगळं आडवं झालं. आता नुसते खुंट आणि माजलेलं रानमोडीचं तण. वाडीचं जळण, कवळ (शेतात जाळायला तोडलेल्या पाल्याच्या फांद्या) तिथूनच यायचं. पावसाळ्यात हजारेक रोपं लावायचं म्हणतोय. नर्सरीवाला अ‍ॅकेशिया स्वस्तात देतोय. घेऊ का?

वर्षा
वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करा ना. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा हक्क मिळाला.

राईकडची
अ‍ॅकेशिया अजिबात नको. त्याचा पाला गुरंही खात नाहीत.

आधी खुंट बघत फिरा. ऐन, किंजळ, कुंभा बुडातून तोडले तरी जोमाने फुटतात. एकेका खुंटाला फुटव्यांचा झुबका येतो. आमच्या वाडीत त्यातले दोन सरळ, दणकट ठेवून बाकीचे कोयत्याने काढतो आणि तोच पाला भाजावळीला (भाताच्या रोपांची जागा भाजायला) नेतो. खाली जुनी खोल मुळं तयारच असतात, नर्सरीतलं रोप त्यांची बरोबरी काय करणार?

रानमोडी दिवाळीच्या आसपास, फुलायच्या आत, मुळासकट उपटायची. नुसती कापलीत तर परत फुटते. शिमग्याआधी चहूबाजूंनी जाळरेषा (आग आत येऊ नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढा. आमच्या शेजारच्या काजूवाल्याने बागेतला पाला पेटवला आणि बांधाकडचे सगळे फुटवे करपले. अजून बोलत नाही आम्ही त्याच्याशी.

खुंट नसतील तिथे बी टोका. कोकम, फणस यांचं बी वाळलं की मेलं. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडला की बी धुऊन लगेच मातीत. बियांपासूनची निम्मी कोकमं नर निघतात, म्हणून फळांसाठी थोडी कलमं घ्या. दापोली विद्यापीठाची 'कोकण अमृता' चांगली.

गावात देवाची राई असेल तर तिच्याकडचा उतार आधी साफ करा. धनेश, वटवाघळं तिथलं बी फुकटात आणून टाकतात. दोडामार्गात बांबर्ड्याची भालांडेश्वर राई बघून या. रानजायफळाची दलदल, चिखलातून वर वाकलेली मुळं. जेमतेम २.५९ हेक्टर, पण गावाने देवाच्या नावावर राखली म्हणून उरली. २०२१ मध्ये ती जैवविविधता वारसास्थळ झाली.

वर्षाताई, तो कायदा वनजमिनीसाठी. इथे मालक हे १७ जणच, दावा कोणावर लावणार? मेंढ्याकडून घ्यायचं ते वेगळंच: तिथली ग्रामसभा मतदान घेत नाही, एकमत होईस्तोवर बसते. तोड किती वर्षं बंद, सुकं जळण कोणी न्यायचं, कवळ कुठल्या झाडाचं, हे १७ जणांनी तसंच बसून ठरवा आणि लिहून ठेवा.

डोंबिवलीचा_चाकरमानी
रोपं रद्द. गणपतीत सगळे गावी येतात, तेव्हा बैठक लावतो.

तात्या_मालवणी
आधी ठेकेदाराचे पैशे कोणी कोणी घेतले ता विचारा. तो हिशोब मिटल्याशिवाय १७ जण एका कागदार सही करुचे नाय.