शॉक बदलतानाच गाडी खाली घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या १७ वर्षे जुन्या सेडानचे चारही शॉक (शॉक अ‍ॅब्जॉर्बर, म्हणजे स्प्रिंगांची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळ्या) आता थकले आहेत. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा दबून स्थिर होण्याऐवजी तीन-चार वेळा डोलते, आणि मागच्या डाव्या शॉकच्या नळीवर गळलेल्या तेलात धूळ बसून काळा चिकट लेप तयार झाला आहे. शॉक बदलायचेच आहेत, तर त्याच वेळी आखूड स्प्रिंगा टाकून गाडी साधारण ३० मिलिमीटर खाली घ्यावी, असा विचार आहे. दिसण्याचा मोह त्यात आहे, हे कबूल करतो.

मूळ लांबीचे शॉक आखूड स्प्रिंगांसोबत बसवले, तर शॉकच्या दांड्याला आत जायला जागा कमी उरते आणि गाडी वारंवार बंप स्टॉपवर (दांडा पूर्ण आत जाऊ नये म्हणून असलेल्या मऊ ठोकळ्यावर) आदळते, एवढे मला समजते. मग बंप स्टॉप कापून लहान करणे पुरेसे आहे, की कमी लांबीचेच शॉक घ्यावेत? शिवाय या स्प्रिंगा अधिक कडक असल्याने त्यांची उसळी आवरताना साधे नवे शॉक लवकर निकामी होतात का?

सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच घट्ट करायचे असतात, हे ठाऊक आहे, आणि अलाइनमेंटही करून घेईनच. परंतु माझ्या गाडीत पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर किती कलले आहे तो कोन) बदलण्याची सोय मुळातच नाही. एवढी उंची कमी केल्यावर टायर आतल्या कडेने झिजू लागतात का, आणि कॅम्बर बोल्ट बसवून तो प्रश्न खरोखर सुटतो का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.